आण्णांच्या पॅटर्नसाठी गॅरेजमधला माळा : कामाच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज पहिल्यांदा टेप घेऊन गॅरेज नीट मोजलं. आतून रुंदी १० फूट, लांबी १८ फूट, आणि फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत ११ फूट १० इंच. म्हणजे गाडीच्या डोक्यावर जवळपास सात फूट मोकळी हवा आहे आणि ती इतकी वर्षं नुसतीच पडून आहे.

भिंतीवर पुराच्या पाण्याच्या दोन रेघा आहेत. खालची ऑगस्ट २०१९ ची, ४ फूट २ इंचावर, वरची जुलै २०२१ ची, ४ फूट ९ इंचावर. रंग दिला तेव्हा पेंटरला सांगून त्या दोन्ही रेघा तशाच ठेवल्या. कोल्हापुरात नागाळा पार्कच्या आमच्या बाजूला पंचगंगा एरवी दिसतपण नाही, पण राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, आणि त्या दोन्ही वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेलेली. त्यावेळी नदी नाल्यातून मागं सरकत आमच्या गल्लीत येते, आवाज न करता येते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात ३८ वर्षं पॅटर्नमेकर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करावा लागतो, आणि तो करायला त्या पार्टचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. ऑइल इंजिनचं फ्लायव्हील, पंपाचं केसिंग, गिअरबॉक्सचं झाकण, असलं सगळं आण्णांनी सागवानात करून दिलंय. त्यांनी स्वतःसाठी म्हणून ठेवलेले, काही फौंड्री बंद पडताना भंगारात जाणार होते ते मागून आणलेले, असे साठेक पॅटर्न आणि कोअरबॉक्स (पार्टच्या आतली पोकळी घडवायचे साचे) गॅरेजमधे होते. २०१९ ला आम्ही सगळे टेबलावर चढवून घर सोडलं. टेबलच तरंगलं. परत आलो तर पॅटर्न चिखलात उलटेपालटे, सरसानं चिकटवलेले जोड उघडलेले, लाकूड फुगून वाकलेलं. २०२१ ला अँगलच्या रॅकवर सगळ्यात वरच्या खणात ठेवले, सहा फुटांवर. पाणी तिथं पोचलं नाही, पण रॅक भिंतीला बांधलेला नव्हता, खालचा कप्पा पाण्यानं हलका झाला आणि रॅकच आडवा झाला. आता २३ उरलेत. सध्या ते आण्णांच्या कॉटखाली आणि माझ्या कपाटावर आहेत. घर एकमजली, वर न्यायला जागा नाही.

तर गॅरेजच्या मागच्या भागात १० बाय ८ चा माळा करायचा. पावसाळ्याआधी. आणि आण्णांना ७१ व्या वर्षी तिथं स्वतः चढता उतरता आलं पाहिजे, ही माझी अट आहे.

२ मार्च, रविवार

तीन फॅब्रिकेशनवाले येऊन बघून गेले. तिघांनीपण कागद काढला नाही, पेन काढला नाही.

पहिले म्हणाले भिंतीत अँगल ठोकतो, वर प्लायवूड टाकतो, दोन दिवसात काम. दुसरे म्हणाले स्लॅबला फास्टनर मारून खाली लटकवूया, म्हणजे खाली खांब नकोत. तिसरे मामा जरा वयस्क, त्यांना मी विचारलं किती वजन झेपेल, तर म्हणाले, "ताई, दोन इंची पाईप लई झाली. हत्ती हुभा करा, काय हुईत न्हाई."

आण्णा खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "वजन किती धरलंय मामा?" त्यावर मामा गप्प झाले, आणि मग म्हणाले, "ते तुमी सांगा, मी तसं करतो." हे उत्तर मला आवडलं. काम त्यांनाच द्यायचं ठरवलं, पण आकडा आधी आपण आणायचा.

९ मार्च, रविवार

ओळखीच्या एक स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम आहेत त्या आज येऊन गेल्या. दोन तास होत्या. मी फाउंटन पेननं वहीत लिहून घेतलं, शाई पसरलीय तरी वाचता येतंय.

भिंतीबद्दल पहिलं. आमचं गॅरेज कॉलम-बीमचं आहे, मधल्या भिंती नुसत्या पडदी, चार-साडेचार इंचाच्या. असल्या भिंतीत अँगल ठोकून टन-दोन टन टांगायचं म्हणजे वीट सोलून बाहेर यायला वेळ लागत नाही, आणि त्यात या भिंती दोनदा आठवडाभर पाण्यात भिजलेल्या. स्लॅबला लटकवायचं तर त्या स्लॅबमधे सळई कुठली, किती, कुणालाच माहीत नाही, फास्टनर काँक्रीटमधून उपटला तर आधी चरचर करून सांगत नाही, थेट खाली येतो. म्हणून वजन जमिनीत न्यायचं, चार खांबांवरून. भिंत फक्त शेजारी उभी राहील.

मग वजन. राहत्या खोलीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण २०० किलो. माळ्यावर माणसं कमी पण सामान दाटीनं बसतं, म्हणून ३०० किलो धरायचं त्या म्हणाल्या, वर स्टील आणि प्लायचं स्वतःचं ६० किलो. माळा साधारण ३ मीटर बाय २.४, म्हणजे सव्वासात चौरस मीटर, एकूण अडीच टनाच्या वर. पुढं एक आणि मागं एक असे दोन मेन बीम, प्रत्येकाला अर्धं वजन.

इथं मी अडून बसले, कारण मामांनी बीमला ४ इंची चॅनेल, म्हणजे पन्हळीसारखी लोखंडी तुळई, पुरेल असं सांगितलेलं आणि मॅडम १२५ चं, म्हणजे ५ इंची मागत होत्या, किलोचा फरक खिशाला लागतो. त्यांनी मला हिशोब करून दाखवला. ४ इंचीपण मोडणार नाही, ताण मर्यादेत बसतो. पण पूर्ण वजनाखाली मधोमध १२ मिलिमीटर खाली वाकेल, आणि ५ इंची साडेपाच मिलिमीटरच वाकेल. एका इंचानं निम्म्याहून कमी. "मोडत नाही म्हणजे सुरक्षित असं नाही," मॅडम म्हणाल्या, "खाली वाकणाऱ्या माळ्यावर प्लायचे स्क्रू सैल होतात, सामान मधे सरकतं, आणि चढणाऱ्याच्या पायाला ते कळतं, माणूस घाबरून चुकीचं पाऊल टाकतो." आण्णांच्या पायाचा विचार करून मी ५ इंचीला होकार दिला.

मधले आडवे जॉइस्ट ७५ चे चॅनेल, दर दोन फुटाला एक, एकूण सहा. वर १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी प्लाय, ७१० मार्कचा, तोच ओलाव्यात टिकतो. बीमच्या खाली ७ फूट मोकळे राहतील, गाडी पाच फुटाची. माळ्याची फरशी साडेसात फुटावर. २०२१ च्या रेघेपेक्षा पावणेतीन फूट वर.

वर स्लॅबपर्यंत ४ फूट ४ इंच उरतात, म्हणजे वाकूनच वावरायचं. आण्णा म्हणाले, मी पाटावर बसून काम करीन, उभं कशाला राहायचंय.

१८ मार्च, मंगळवार

पोराची दहावी काल संपली. आज तो, मी आणि एक गवंडी, आम्ही खांबांच्या जागा आखल्या आणि फोडायला घेतलं.

फोडायच्या आधी गवंडीमामांनी घणाच्या दांड्यानं फरशीवर टकटक केलं. मधे आवाज भरीव येत होता, ठक ठक, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात एकदम ढब ढब, रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा. त्यांनी माझ्या हातात दांडा दिला आणि म्हणाले तुम्ही वाजवून बघा. कानाला तर कळलंच, हातालापण कळतं, भरीव ठिकाणी दांडा उडतो, पोकळ ठिकाणी उडत नाही.

शहाबादी उचलली, खालचा कोबा पहारीनं काढला. त्याच्याखाली दोन इंच हवा. माझी चार बोटं आडवी सहज आत गेली. मुरूम खाली बसलेला आणि पुराच्या पाण्यानं बारीक माती धुऊन नेलेली, कोबा वरच्यावर सायीसारखा तरंगत राहिलेला. या कोपऱ्यात जर आम्ही नुसती बेसप्लेट ठेवून बोल्ट मारले असते तर वर पाऊण टन आल्यावर तो खांब कोबा फोडून खाली बसला असता आणि माळा तिरका झाला असता.

पुरात पाणी शिरलेलं घर असेल आणि खाली काही जड बसवणार असाल तर आधी फरशी वाजवून बघा. फुकटचं काम आहे, अर्धा तास लागतो.

चारी खड्डे दोन फूट बाय दोन फूट, खोली दोन फूट, खाली कडक मुरूम लागेपर्यंत. पोकळ कोपऱ्यात सव्वादोन फूट जावं लागलं. राहिलेल्या पोकळीत गवंडीमामा कडेनं मुरूम ओला करून ठासणार आहेत.

२३ मार्च, रविवार

फुटिंगचं, म्हणजे खांबांखालच्या पायाचं, काँक्रीट झालं. दहा मिलिमीटरची सळई, सहा इंचाची जाळी, एम-२० म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. चार पोती सिमेंट लागलं. बोल्ट काँक्रीटमधेच उभे केले, चार भोकांचा लाकडी फर्मा आण्णांनी करून दिला. मला वाटलेलं साध्या फळीला भोकं पाडतील, पण त्यांनी गुण्या लावून, कर्ण मोजून, भोकांना आतून पत्र्याची नळी घालून चार फर्मे केले, बोल्ट एक सूतपण हलले नाहीत. संध्याकाळी हात थरथरत होते त्यांचे, पण चेहरा बघण्यासारखा होता.

आता दहा दिवस पाणी मारायचं. पोरानं सकाळ-संध्याकाळची ड्युटी घेतलीय, ओली पोती टाकून ठेवतो.

६ एप्रिल, रविवार

खांब उभे राहिले. तीन इंची चौकोनी पाईप, ४ मिलिमीटर जाड. बेसप्लेट ८ बाय ८, दहा मिलिमीटर. गाडी आणि स्कूटर दोन्ही बाहेर रस्त्यावर, थिनरचे डबे बाहेर, दारात वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याचा पाईप. वेल्डिंगची ठिणगी १५ फूट लांब जाऊन पायपुसण्याला लागली, आमच्या समोर धूर निघाला, पोरानं लगेच पाणी मारलं. वेल्डिंग संपल्यावरपण आम्ही तासभर तिथंच चहा घेत बसलो, कारण कोपऱ्यात काय धुमसतंय ते लगेच दिसत नाही.

खांबांची वरची तोंडं प्लेट मारून पूर्ण बंद करून घेतली, खालीपण गोल फिरून वेल्डिंग. पाईप उघडी राहिली तर पुराचं पाणी आत शिरतं आणि ती आतून सडते, बाहेरून रंग छान दिसत राहतो आणि कळतच नाही. मामांना हे सांगायला लागलं नाही, ते स्वतःच म्हणाले.

दोन्ही मेन बीम चढले. मामांची माणसं आता जोतिबाला जाणार, १२ ला यात्रा आहे, त्यांच्या गावची सासनकाठी असते. चार-पाच दिवस काम बंद. हरकत नाही.

१३ एप्रिल, रविवार

माणसं नाहीत तोवर जॉइस्टच्या जागा बीमवर आखून ठेवल्या. खडू आणि आण्णांची स्टीलची दोन फुटी पट्टी. डावीकडनं सुरुवात करून दर दोन फुटाला एक खूण, पुढच्या बीमवर आणि मागच्या बीमवर. दोन्हीकडच्या खुणा समोरासमोर आल्या, दोरी लावून बघितलं, सरळ. समाधान वाटलं.

१६ एप्रिल, बुधवार

आज चुकीची भरपाई.

मामांनी सकाळी माझ्या खुणांवर सहाही जॉइस्ट टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके देऊन, लावले. पूर्ण वेल्डिंगच्या आधी मी म्हटलं एक प्लाय टाकून बघूया. आठ बाय चारचा प्लाय, डावीकडनं लावला की त्याचं उजवं टोक बरोबर आठ फुटावरच्या जॉइस्टच्या मधोमध यायला पाहिजे, म्हणजे पुढच्या तुकड्याला टेकायला अर्धी जागा मिळते. टोक जॉइस्टच्या कडेला कसंबसं टेकल्यासारखं दिसत होतं, मधापासून जवळपास एक इंच अलीकडं. चॅनेलची पट्टी ४० मिलिमीटर, म्हणजे मधापासून पाऊण इंचच, तर ते टोक खरं म्हणजे हवेतच होतं. आणि शेवटच्या दोन जॉइस्टमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जवळपास एक इंच कमी.

मामा म्हणाले प्लाय कमी आलाय. प्लाय मोजला, बरोबर ९६ इंच. मग मी टेपनं माझ्या खुणा मोजल्या. पहिली २४ आणि पाव, दुसरी साडेअठ्ठेचाळीस, असं वाढत वाढत चौथी ९७ च्या जवळ. मला काही कळेना, पट्टी तर आण्णांची, इतकी वर्षं वापरलेली.

आण्णा आले, पट्टी हातात घेतली, अंगठ्यानं तिच्या टोकाचं पुसट कोरीव पुसलं आणि डोळ्याजवळ नेली. "ही श्रिंकेजची पट्टी हाय गं," म्हणाले.

बिडाचं लोखंड गार होताना आकसतं, ढोबळमानानं शंभराला एक. म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करायचा असतो, आणि प्रत्येक मापाला एक टक्का मिळवत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तशी बनवलेली असते. तिच्यावरचा एक इंच हा खऱ्या इंचापेक्षा एक टक्का लांब. दोन फूट लिहिलेलं असतं आणि असतात दोन फूट पाव इंच. नुसती बघून ओळखू येत नाही. मी जन्मापासून ही पट्टी घरात बघतेय, हे मला आज कळलं.

टॅकच असल्यामुळं निभावलं. ग्राइंडरनं चार जॉइस्ट सोडवले, टेपनं नव्यानं आखलं, दुपारी तीनपर्यंत परत लागले. प्लाय टाकला, टोक मधोमध. मामांनी मजुरी जास्तीची मागितली नाही, मीच दिली, चूक माझी होती.

आण्णांनी पट्टीला लाल दोरा बांधून ठेवलाय.

२० एप्रिल, रविवार

पूर्ण वेल्डिंग झालं. पोरगा वर चढला, चालला, आणि सगळा सांगाडा कडेला हलतोय असं म्हणाला. मी खालून बघत होते, मला दिसलं नाही. आण्णांनी पितळी तांब्या गळ्यापर्यंत भरून पोराच्या हातात दिला आणि तो प्लायवर मधे ठेवायला लावला. मग म्हणाले, खांबाला हातानं ढकल. पाणी काठावरून सांडलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

मॅडमच्या ड्रॉइंगमधे प्रत्येक कोपऱ्यात ४५ अंशाचा तिरका ब्रेस आहे, आणि मागच्या भिंतीलगत पूर्ण फुली. मामांनी ते घातले नव्हते, "गाडीला आडवं यील" म्हणून. वजन खाली न्यायला खांब पुरतात, पण कडेचा झोका धरायला खांब एकटा काही करत नाही, चारही पाय एकदम एका बाजूला कलंडू शकतात, टेबलाचे पाय सैल झाल्यावर होतं तसं. पुराच्या पाण्याचा रेटा आला तर तोपण कडेनंच येणार.

आण्णांनी त्यावर १९६७ सांगितलं. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप, आण्णा १३ वर्षांचे. वाड्यातल्या माळ्यावरची उतरंड खाली आली, आणि माळा मात्र तसाच राहिला कारण त्याला तुळईखाली तिरके लाकडी हात होते. "वरचं सामान बांधलेलं न्हवतं, माळा बांधलेला हुता," म्हणाले. मामा हे ऐकून काही न बोलता अँगल कापायला गेले.

कोपऱ्यातले ब्रेस दीड-दीड फुटाचे, भिंतीलगत साडेपाच फुटांवर सुरू होतात, गाडीच्या दारालापण लागत नाहीत. ते लावून परत तांब्या ठेवला. ढकललं. पाणी नुसतं शहारलं, सांडलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

जिना. यावर आम्ही घरात सगळ्यात जास्त बोललो, म्हणून इथं नीट लिहिते.

सगळेजण शिडी सुचवत होते. जागा वाचते, काढून ठेवता येते. पण शिडीवर दोन्ही हात लागतात आणि सामान नेताना एक हात सामानाला जातो, पडणारी माणसं तिथंच पडतात. म्हणून पक्का जिना, दोन फूट रुंद, डाव्या भिंतीलगत, कारण गाडी तोंडानं आत घेतली की ड्रायव्हरचं दार उजवीकडं उघडतं. दहा टप्पे, प्रत्येकी नऊ इंच, चढ ६० अंशाच्या आसपास. पायऱ्या चेकर्ड प्लेटच्या. घराच्या जिन्यापेक्षा उभा आहे, त्यामुळं उतरताना तोंड जिन्याकडं करूनच उतरायचं, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय. रेलिंग दोन्ही बाजूला, आणि ते माळ्याच्या फरशीच्या वर तीन फूट चालू ठेवलंय. आधी ते फरशीपाशीच संपत होतं, आण्णा चढून बघताना शेवटच्या पायरीवर त्यांच्या हाताला धरायला काही नव्हतं, हात हवेत फिरला. मी खाली उभी होते. तिथंच काम थांबवून पाईप वाढवून घेतली.

माळ्याच्या पुढच्या कडेला एक मीटर उंच रेलिंग, मधे एक आडवी, आणि खाली चार इंचाची उभी पट्टी, म्हणजे एखादा पॅटर्न किंवा पाना घरंगळत गाडीवर किंवा कुणाच्या डोक्यावर यायला नको. जिन्याच्या तोंडाशी छोटं फाटक, ते आत माळ्याकडं उघडतं, आणि स्प्रिंगनं आपोआप बंद होतं. बाहेर उघडणारं असतं तर वर पोचलेल्या माणसाला ते ओढायला एक पायरी मागं यावं लागलं असतं.

४ मे, रविवार

रेड ऑक्साइडचे दोन हात, खांबांना पाच फुटांपर्यंत एपॉक्सी, वर ऑइलपेंट. प्लाय बसला, कडासुद्धा रंगवल्या, पाणी कडेतूनच शिरतं. इलेक्ट्रिशियननं गॅरेजचा बोर्ड चार फुटांवरून काढून सहा फुटांवर घेतला आणि गॅरेजची लाइन वेगळ्या एमसीबीवर टाकली, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीपण बसवला. वर एक एलईडी ट्यूब, तिचा स्विच जिन्याच्या पायथ्याशी, म्हणजे अंधारात चढायला नको.

११ मे, रविवार

आज टेस्ट. पोत्यांनी करायची म्हणजे टनभर पोती डोक्यावरून वर न्यायची, त्यातच कुणीतरी पडायचं. मॅडमनी सुचवलं पाण्यानं करा. २०० लिटरची पाच रिकामी प्लास्टिकची पिंपं वर नेली, जॉइस्टवर येतील अशी मांडली आणि टाकीवरून पाईप सोडला. वजन हळूहळू चढतं, कुठंही थांबवता येतं, आणि खाली कुणी उभं राहायची गरज नाही.

आण्णांनी जुन्या सोबत्याकडून डायल गेज, म्हणजे केसाएवढं हलणं मोजणारं काट्याचं घड्याळ, आणलं होतं. ते वेगळ्या घोडीवर बसवून त्याचं टोक पुढच्या बीमच्या मधोमध टेकवलं, काटा शून्यावर आणला, आणि आम्ही सगळे दाराबाहेर आलो. पिंप भरलं की पाणी बंद, दहा मिनिटं थांबायचं, मग आण्णा टॉर्च मारून दुर्बिणीतून काटा वाचणार. खरंच दुर्बीण, पोराची, रंकाळ्यावर पक्षी बघायची.

पाचवं पिंप भरलं, एक टन. काटा २.१ मिलिमीटर. मी वहीतला मॅडमचा हिशोब काढला, तेवढ्या वजनाला त्यांचं उत्तर दोनच्या जरा वर. एक तास ठेवलं, काटा हलला नाही. चारी बेसप्लेट बघितल्या, पोकळ कोपऱ्यातली दोनदा बघितली, केसाएवढीपण चीर नाही. मग नळी लावून पाणी खाली जास्वंदीला आणि कढीपत्त्याला सोडलं. रिकामं झाल्यावर काटा ०.१ वर येऊन थांबला. ते एवढंसं नव्या जोडांचं बसणं असतं, आण्णा म्हणाले.

मामा मुद्दाम बघायला आले होते. जाताना मॅडमच्या ड्रॉइंगचा फोटो काढून घेऊन गेले, म्हणाले पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो.

१८ मे, रविवार

सामान चढवलं. त्याआधी प्लायवर पांढऱ्या रंगानं दोन-दोन फुटांचे चौकोन आखले, वीस होतात. प्रत्येकात लिहिलं १००. एका चौकोनात १०० किलोच्या वर ठेवायचं नाही, म्हणजे सगळं भरलं तरी दोन टन, हिशोबाच्या आत. चौरस मीटरचा आकडा घरात कुणाच्या लक्षात राहणार नाही, चौकोन राहील. जड सामान कडेला बीमजवळ, हलकं मधे.

वर काय ठेवायचं नाही तेपण ठरलं : रंग, थिनर, रॉकेल, गॅसची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी. स्लॅबखाली मे महिन्यात हात टेकवत नाही इतकं तापतं.

पॅटर्न आण्णांनी स्वतः लावले. प्लॅस्टिकमधे गुंडाळायला मी पिशव्या आणल्या होत्या, त्यांनी नको म्हटलं, पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून लाकूड फुगतं. आईची जुनी सुती लुगडी होती, ती फाडून एकेक पॅटर्न गुंडाळला, खाली सागाच्या पट्ट्या, म्हणजे खालून हवा फिरते. मागच्या भिंतीतली जाळीपण मोकळी केली. पुढून नायलॉनची जाळी, हुकांना ताणून. वर्ष १९६७ ची उतरंड लक्षात ठेवून.

एका फ्लायव्हीलच्या पॅटर्नचा जोड २०१९ पासून उघडा होता. आण्णा पाटावर बसून त्याच्यावरून बोट फिरवत होते, खूप वेळ. मग मला म्हणाले, फेव्हिकॉल आण आणि दोन क्लॅम्प आण.

२५ मे, रविवार

पाऊस फार लवकर सुरू झालाय यंदा, चार दिवस झोडपतोय. नदी अजून पात्रात आहे, राधानगरीचे दरवाजे उघडायला वेळ आहे, तरी सवयीनं सकाळी पातळी बघितली.

खर्च लिहून ठेवते. स्टील सगळं मिळून चारशे किलोच्या आसपास, मजुरीसकट ३५ हजार. प्लाय तीन, साडेदहा हजार. फुटिंग आणि गवंडीकाम ११ हजार. वायरिंग ४ हजार, रंग साडेतीन. मॅडमनी पाच घेतले, आणि तेच पैसे मला सगळ्यात जास्त सार्थकी लागलेले वाटतात. एकूण ६९ हजार.

राहिलेलं : डायल गेज परत द्यायचं. पावसाळा संपला की ऑक्टोबरात बेसप्लेटचे सोळाही बोल्ट पान्यानं तपासायचे, पोकळ कोपरा परत वाजवायचा. स्प्रिंगचं फाटक जरा करकरतंय, त्याला ग्रीस.

आत्ता आण्णा वरच आहेत. ट्यूब चालू आहे, बाहेर पाऊस वाजतोय आणि मधूनमधून पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येतोय. चोविसावा पॅटर्न करायला घेतलाय त्यांनी, लाल दोऱ्याची पट्टी मागून घेतली सकाळी.